कमी मिंटेजची जगभरातली नाणी : गावात राहून संग्रह कसा करायचा

नाण्यांच्या छंदात नवीन आलेला माणूस पहिले एकच गोष्ट विचारते, हे किती बनले होते? म्हणजे मिंटेज किती. प्रश्न बरोबर आहे पण अर्धाच आहे. टाकसाळीतून किती निघाली हा एक आकडा, त्यातली आज किती उरली हा दुसरा, आणि ती घ्यायला किती लोकं तयार आहेत हा तिसरा. हे तिन्ही पाहिल्याशिवाय नाणं दुर्मिळ आहे का नाही हे सांगताच येत नाही. मी हे सगळं विदर्भातल्या गावात राहणाऱ्या माणसाच्या हिशोबानं लिहून राहिलो, ज्याच्या तालुक्याला नाण्यांचं दुकान नाही आणि ज्याच्या हातात पैसे सोयाबीन नाहीतर कापूस विकल्यावरच येतात. एवढ्यातही चांगला संग्रह होते, फक्त घाई नाही पाहिजे.

पहिले मिंटेज म्हणजे काय ते नीट समजून घ्या

आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. पंचम जॉर्जचा १९११ चा चांदीचा रुपया. राजाच्या अंगरख्यावर जे मानाचं चिन्ह आहे त्यात हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर दिसला, नाराजी झाली आणि सरकारनं नाणं मागं घेतलं. बनले होते ९४ लाखांच्या आसपास, लोकांच्या हातात गेले ७ लाखांच्या आसपास, बाकीचे वितळवले. १९१२ पासून हत्ती सुधारून टाकला. आता नुसता ९४ लाखाचा आकडा पाहिला तर वाटते की हा काही दुर्मिळ नाही. पण उरलेले किती ते पाहिलं की गोष्ट बदलते.

अमेरिकेचा १९३३ चा २० डॉलरचा सोन्याचा डबल ईगल तर याच्याही पुढचा. ४,४५,५०० बनले आणि सोनं चलनातून काढलं म्हणून जवळपास सगळे वितळले, त्यातला एक २०२१ मधात लिलावात १ कोटी ८९ लाख डॉलरला गेला. आणि याच्या उलटंही होते बरं. अमेरिकेच्याच न्यू ऑर्लिन्स टाकसाळीचा १९०३ चा मॉर्गन डॉलर, म्हणजे चांदीचा डॉलर, कितीतरी वर्षं अतिशय दुर्मिळ समजला जाये, लोकं त्याच्यासाठी वाट्टेल ती किंमत मोजत, आणि १९६२ मधात सरकारी तिजोरीतून त्याच्या थैल्याच्या थैल्या बाहेर निघाल्या आणि किंमत धाडकन खाली आली. मिंटेज तेच, पण उरलेले किती याचा अंदाज सगळ्यांचाच चुकला होता.

तिसरा आकडा मागणीचा, आणि गावाकडचे नवीन पोट्टे इथंच फसून राहिले. न्युए, कुक आयलंड, तुवालू अशा छोट्या बेटांच्या नावानं रंगीत, चकचकीत नाणी निघते, त्यावर कार्टून राहते, वाघ राहते, आणि सर्टिफिकेटवर लिहून येते की फक्त २००० बनली. ही नाणी त्या बेटावर कोणी भाजी घ्यायला वापरत नाही, ती बाहेरच्या टाकसाळी संग्राहकांना विकायसाठीच बनवते. आवडलं म्हणून घ्या, चांदीची असली तर चांदीच्या भावाचा आधार राहते, पण "फक्त २०००" वाचून गुंतवणूक म्हणून घेऊ नका, काहून की अशी २००० वाली हजारो डिझाइन बाजारात आहेत आणि मागणारे थोडे.

याच्या उलट मोनॅकोचं २००७ चं २ युरोचं नाणं पाहा, राजकुमारी ग्रेस केलीवालं. २०,००१ बनली. युरोपभर लाखो लोकं २ युरोची स्मारक नाणी जमवते आणि त्या प्रत्येकाला अल्बममधली ती एक जागा भरायची असते, म्हणून २ युरोच्या नाण्याला एक हजार युरोच्या वर भाव चालते. ब्रिटनचं क्यू गार्डन्सचं २००९ चं ५० पेन्स २,१०,००० बनलं, आपल्याला हा आकडा मोठा वाटते, पण ते चलनातलं नाणं होतं आणि तिथं लहानमोठे सगळे खिशातली चिल्लर तपासून पाहते. हेच डिझाइन २०१९ साल टाकून संग्राहकांच्या सेटसाठी परत काढलं, ते वेगळं नाणं. म्हणून साल पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाही.

विषय एकच धरा

जगभरातलं सगळं जमवतो म्हणणाऱ्याजवळ शेवटी डबाभर चिल्लर जमते. सुरुवातीला एक चौकट ठरवा. मला स्वतःला चलनातली कमी मिंटेजवाली नाणी आवडते, म्हणजे जी खरंच बाजारात फिरायसाठी बनली पण कमी बनली. त्यात गोष्ट असते, युद्ध असते, मंदी असते, एखाद्या टाकसाळीचं शेवटचं वर्ष असते. दुसरी चांगली चौकट म्हणजे एकाच देशाचं एकच नाणं सालवार लावायचं, उदाहरणार्थ जपानचं ५० येन, मधात भोकवालं. स्वस्तात बहुतेक सालं भेटून जाते आणि १९८७ साली येऊन गाडी अडते, काहून की त्या साली चलनासाठी बनलंच नाही, फक्त संग्राहकांच्या सेटमधात ७,७५,००० गेली. अशी अडलेली जागा भरायला जी मेहनत लागते त्यातच माणूस शिकते.

नाणी आणायची कुठून

लोकं म्हणते गावात विदेशी नाणी कुठं. मी म्हणतो आपल्याकडं भरपूर आहे, पाहायची सवय नाही. फॉरेन एक्सचेंजवाले नोटा बदलून देते पण चिल्लर सहसा घेत नाही, म्हणून बाहेरून आलेल्या माणसाजवळची नाणी घरात नाहीतर देणगीत नाहीतर टिपमधात राहून जाते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर थायलंड, श्रीलंका, जपानकडचे लोकं येते, कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला येते, सेवाग्रामला वर्षभर कोणी ना कोणी विदेशी असतेच. ताडोब्याच्या मोहर्ली, कोलारा गेटवर जे गाईड आणि जिप्सीवाले आहे त्यांच्या घरच्या डब्यात कुठल्या देशाची नाणी पडलेली असन सांगता येत नाही. अकोला, अचलपूर, कारंज्याकडचे उमराहून आलेले लोकं सौदीचे हलाला, म्हणजे तिथली चिल्लर, घेऊन येते. त्यांना सरळ सांगा की भाऊ मला छंद आहे, बदल्यात तितके रुपये देतो. मागायची लाज वाटू देऊ नका.

सोनाराचं दुकान हा दुसरा मोठा रस्ता. मोडीत आलेली जुनी चांदी वितळवायला जायच्या आधी पाहू देतो का विचारा, नागपूरच्या इतवारीत सराफा लाइनमधात तर जुने रुपये मोडीत येतच राहते. इथं एक अडचण आहे. आपल्याकडं तांड्यावर, गोंड वस्तीवर बायांच्या गळ्यात रुपयांच्या माळा राहायच्या, त्यामुळं बाजारात येणाऱ्या कितीतरी रुपयांना कडी लावलेली असते नाहीतर कडी काढून ती जागा घासलेली असते. अशा नाण्याला संग्राहकाचा भाव नाही, चांदीचाच भाव. कडीच्या जागी कडेवर बोट फिरवा, तिरप्या उजेडात पाहा, डाग दिसते. आणि कोण्या म्हातारीजवळून माळ घ्यायची असन तर त्या दिवशीचा चांदीचा भाव तिला सांगूनच घ्या, याच्यात मी कोणतीही सवलत देत नाही.

वावरात सापडलेल्या नाण्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. वाशिम जिल्ह्यात मंगरूळपीरजवळ तऱ्हाळ्याला १९३९ मधात सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला होता, दीड हजाराच्या वर नाणी, आणि त्यातून सातवाहन राजांचा क्रम लावायला मोठी मदत झाली. म्हणजे अशी नाणी आपल्या मातीत आहेतच. पण १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं १० रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे, नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि कळवलं म्हणजे सगळं गेलं असंही नाही, मालक कोणी नाही असं ठरलं आणि सरकारनं ते घेतलं नाही तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनवाल्याला एक हिस्सा अशी तरतूद त्यातच आहे. ट्रॅक्टरच्या फाळाला मडकं लागलं तर नाणी धुऊ नका, वाटून घेऊ नका, जसं आहे तसं ठेवून फोटो काढा आणि तहसीलला कळवा. साठा फुटला की त्यातला इतिहास परत जुळत नाही.

साल वाचणं

हे आलं नाही तर कमी मिंटेजचं नाणं हातात असून ओळखू येणार नाही. नेपाळचं नाणं आपल्याला सगळ्यात सोपं, अंक देवनागरीत आणि सन विक्रम संवत, त्यातून ५७ वजा करा, २०५१ म्हणजे १९९४. थायलंडवर बुद्ध संवत राहते, ५४३ वजा करायचे. अंक थाई लिपीतले, ते दहा अंक एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. जपानवर सम्राटाच्या राज्याचं वर्ष राहते, शोवा असन तर १९२५ मिळवा, हेइसेई असन तर १९८८, रेइवा असन तर २०१८. वर जे ५० येन सांगितलं ते शोवा ६२, म्हणजे १९८७. अरबी देशांच्या नाण्यावर हिजरी सन, त्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवले की जवळपासचं साल येते, १४०० म्हणजे १९८० च्या आसपास.

थाई अंक शिकायचा फायदा सांगतो. थायलंडचं १० बाहतचं दोन धातूंचं नाणं रोजच्या वापरातलं आहे, पण थाई सन २५३३, म्हणजे १९९० चं, फक्त १०० बनलं. ते कोणाच्या खिशात भेटन अशी आशा नको, उलट कोणी स्वस्तात विकायला आणलं तर नकली समजूनच चाला.

सालाच्या सोबत टाकसाळीची खूण पाहा. भारतीय नाण्यावर सालाच्या खाली हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नाही म्हणजे कोलकाता. अमेरिकेच्या १९१६ च्या मर्क्युरी डाइमवर, म्हणजे १० सेंटच्या नाण्यावर, मागच्या बाजूला बारीक डी असला म्हणजे डेन्व्हर टाकसाळीचं, २,६४,००० च बनलं. फिलाडेल्फियाचं बिना अक्षराचं तेच नाणं २ कोटींच्या वर. म्हणूनच साध्या नाण्यावर डी चिकटवून विकणारे आहेत.

आकडा कुठं पाहायचा

नुमिस्टा नावाची वेबसाइट मोबाइलवर फुकट चालते, देश आणि किंमत टाकली की सालवार मिंटेज दिसते. जुन्या संग्राहकांकडं क्राउझचा जाड कॅटलॉग राहते, त्यातला केएम नंबर जगभर चालते, नाणं मागताना तोच नंबर सांगा म्हणजे घोळ होत नाही. आकड्याच्या बाजूला जे बारीक लिहून असते ते आधी वाचा, "फक्त सेटमधात", "बहुतेक वितळवले". मोठ्या नाण्यांसाठी अजून एक गोष्ट पाहा, पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन कंपन्या नाणी तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद करून देते आणि कोणत्या नाण्याचे कोणत्या दर्जाचे किती नग त्यांच्याकडं आले हे जाहीर करते. उरलेली किती याचा अंदाज तिथून येते. सगळी नाणी त्यांच्याकडं जात नाही, हे मात्र धरून चाला.

दर्जा, आणि ती पितांबरी

जगात दर्जा १ ते ७० मधात मोजते. ६० न् त्याच्या वर म्हणजे वापरात न आलेलं. एकाच सालाचं झिजलेलं नाणं आणि कोरं नाणं यात भावाचा फरक दहापट, पन्नासपटही राहू शकते. सगळ्यात उंच भाग पहिले झिजते, राजाच्या भुवया, कानावरचे केस, मुकुटाचे मणी, तिथं पाहायचं.

आणि हात जोडून सांगतो, नाणं घासू नका. आपल्या घरी चांदीचं काही हातात आलं की आई चिंच घेते, कोणी राख घेते, कोणी पितांबरी, देवाच्या भांड्याला ते ठीक आहे. नाण्यावर वर्षानुवर्षं जी काळपट नाहीतर निळसर-सोनेरी छटा चढते ती खालच्या धातूला सांभाळते आणि नाणं अस्सल असल्याचा पुरावाही देते. घासलं की बारीक ओरखडे पडते, भिंगाखाली एका दिशेनं गेलेल्या रेघा दिसते आणि नाण्याची किंमत अर्ध्याच्या खाली येते, ती परत कधी चढत नाही. फार तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि मऊ कपड्यानं टिपून घ्या, पुसू नका.

नकली ओळखणं

याला तीन वस्तू लागते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक चुंबक. व्यास मोजायचं व्हर्नियर कॅलिपर असलं तर उत्तम. कॅटलॉगमधलं वजन आणि व्यास आधी काढून ठेवा. ब्रिटिश भारताचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, व्यास साडेतीस मिलिमीटरच्या जवळ. झिजेमुळं वजन थोडं कमी भरन, पण जास्त भरलं तर शंका घ्या. अमेरिकेचा मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅम आणि ३८.१ मिलिमीटर. चांदीला चुंबक ओढत नाही, पण १९४७ चा वाघवाला रुपया निकेलचा आहे, त्याला चुंबक चिकटते, तो नकली समजून फेकू नका.

वजन बरोबर आलं तरी धातू वेगळा असू शकते, त्यासाठी पाण्याची परीक्षा करा. काट्यावर पाण्याचा प्लास्टिक ग्लास ठेवा, आकडा शून्य करा, मग नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण बुडाला न् कडेला टेकू देऊ नका. जो आकडा येईन त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा, तीच घनता. ९१.७ टक्के चांदीच्या जुन्या रुपयाची १०.३ च्या जवळ यायला पाहिजे, म्हणजे बुडवल्यावर काटा १.१३ च्या आसपास दाखवते. तांबं-निकेलचा नकली असन तर घनता ८.९ च्या जवळ, काटा १.३१ दाखवते. १९४० पासूनच्या रुपयात चांदी अर्धीच, त्यामुळं त्याची घनता कमीच येणार, तिथं घाबरू नका. ही परीक्षा घरी आठ-दहा साध्या रुपयांवर करून हात बसवा, मग महागड्या नाण्यावर करा.

भिंगाखाली कडा पाहा. ओतून बनवलेल्या नकलीच्या कडेवर जोडाची रेघ असते, पृष्ठभागावर बारीक फोड असते, अक्षरं साबणावर उठवल्यासारखी गोलसर दिसते. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया खूप दुर्मिळ आहे आणि म्हणूनच दुसऱ्या सालाचा शेवटचा आकडा कोरून बनवलेले फिरते, शेवटच्या ९ च्या भोवतीची जमीन बाकीच्यासारखीच आहे का ते पाहा. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीच्या थालर नावाच्या चांदीच्या नाण्यावर तर १७८० हेच साल कायम ठेवून पुढं कितीतरी वर्षं नाणी काढली, त्यामुळं १७८० वाचून अडीचशे वर्षं जुनं समजून पैसे मोजू नका. डबीबंद नाणं असन तर डबीवरचा नंबर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी जुळवा, काहून की डब्याही नकली येते.

पैसे देताना

ऑनलाइन घ्यायचं असन तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागा, वजन काट्यावर ठेवलेला फोटो मागा, परत घेणार का ते लिहून घ्या. लिलावात बोलीच्या वर कमिशन, टॅक्स आणि टपालखर्च लागते, ते धरूनच बोली लावा. मागितलेली किंमत पाहू नका, झालेल्या विक्रीच्या किमती पाहा.

आणि ते व्हॉट्सअॅपवर येणारे मेसेज, वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं द्या न् लाखो रुपये घ्या, रिझर्व्ह बँकेच्या नावानं आधी कमिशन भरा, यात एक रुपयाही टाकू नका. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मधात जाहीर सांगितलं आहे की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही आणि आम्ही कमिशन घेत नाही. जो घेणारा तुम्हालाच आधी पैसे भरायला लावते तो घेणारा नाहीच.

बाहेरच्या संग्राहकाशी अदलाबदल करता येते आणि हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे. विदेशी नाणी कितीही जवळ ठेवायला फेमाच्या, म्हणजे विदेशी चलनाच्या कायद्याच्या, नियमात मुभा आहे, मर्यादा नोटांना आहे. बाहेरून पाकीट आलं तर कस्टम ड्युटी लागू शकते, हे धरून चाला. पाठवताना मात्र १०० वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. म्हणजे तो १९११ चा रुपया पाकिटात टाकायचा नाही, आजची आपली स्मारक नाणी टाका, बाहेरच्यांना ती आवडते.

ठेवायचं कसं

आपला उन्हाळा नाण्याला तेवढा त्रास देत नाही, पावसाळा देते. मऊ, वासवाली पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, दोन पावसाळ्यांत नाण्यावर हिरवा चिकट थर येते. पुठ्ठ्याची, आत मायलार नावाचं पारदर्शक प्लास्टिक असलेली चौकोनी होल्डर स्वस्त भेटते, ती घ्या. रबरबँड आणि वर्तमानपत्र चांदीजवळ नको, काळी पडते. लाकडी पेटीपेक्षा घट्ट झाकणाचा डबा बरा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि मृग लागायच्या आधी त्या उन्हात नाहीतर तव्यावर गरम करून परत ठेवा. नाणं कडेला धरून उचला, खाली मऊ कपडा अंथरून.

एक वही करा. देश, साल, केएम नंबर, मिंटेज, वजन, कोणाकडून घेतलं, किती दिले, कोणत्या तारखेला. पावती असली तर तिथंच चिकटवा. प्रत्येक नाण्याचा फोटो मोबाइलमधात ठेवा आणि घरातल्या एका माणसाला ही वही वाचून दाखवा, कोणतं नाणं कोणाला विचारल्याशिवाय विकायचं नाही ते नावानिशी सांगून ठेवा. विकायची वेळ आली तर दुकानदार कॅटलॉगच्या भावाच्या बराच खाली घेईन, त्याला त्याचा नफा काढायचा असते. म्हणून सरळ संग्राहकाला विकणं बरं, आणि तेव्हा वहीतली ती ओळ, हे नाणं कुठून आलं हे सांगणारी, भाव ठरवताना कामी येते.